व्ही.बी.एस. घेताय? मुलं घरी कशी जाणार ते आधी ठरवा

मार्च संपत आला की चर्चच्या मंडळीच्या सभेत व्ही.बी.एस.चा (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) विषय निघतो, "यंदा व्ही.बी.एस. कधी?" आणि पुढचा तासभर बॅनरचा रंग, टी-शर्टचा खर्च आणि समारोपाला पाहुणे कोण, यावर जातो. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत मी २१ वर्षं संडेस्कूल आणि उन्हाळ्यातली व्ही.बी.एस. घेते आहे. सव्वाशेच्या आसपास मुलं असतात. बॅनरचं काय ते तरुण संघ बघेल, तुम्ही मुलांचं बघा. हॉल, पेटी-ढोलकी, पाळकसाहेबांची (चर्चच्या पास्टरांची) परवानगी हे झालंय असं धरून पुढचं लिहिते.

तारीख आणि वेळ

परीक्षा संपल्या की लगेच घ्या. मेच्या मध्यावर लग्नं लागतात आणि मुलं आजोळी जातात. सकाळी ८ ते ११, सहा दिवस, पुरे. अकरानंतर नगरच्या उन्हात लहान पोर रस्त्यावर असू नये.

शिक्षक

प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, सगळे दिवस. एक जण आजारी पडला तर दोन वर्ग एकत्र करा, पण एकट्या शिक्षकाकडे वर्ग ठेवू नका, मग तो शिक्षक कितीही जुना असो. बिगिनरच्या, म्हणजे सगळ्यात लहान वर्गाच्या, मुलांना आठांमागे एक माणूस लागतो, मोठ्यांना बारा-पंधरांमागे एक चालतो. दहावी-बारावीची मुलं गाण्यांना आणि खेळांना हवीतच, पण त्यांना मोठ्या माणसांत मोजू नका. कायद्याने १८ वर्षांच्या आतलं प्रत्येक जण बालकच आहे, आणि ती मुलंही तुमच्याच जबाबदारीवर आलेली असतात.

मंडळीत येऊन दोन महिने झालेले कुणी उत्साहाने "मी वर्ग घेतो" म्हणाले तर त्यांच्या आधीच्या पाळकांना फोन करून विचारा आणि पहिल्या वर्षी सतरंज्या, पाणी, खाऊ याचं काम द्या. मनापासून सेवा करायला आलेला माणूस यावर रागावत नाही.

नावनोंदणी

फॉर्म छापील असो की वहीत आखलेला, त्यात एवढं हवंच: मुलाचं नाव, वय, दोन वेगवेगळ्या माणसांचे फोन नंबर, कशाची ॲलर्जी आहे का, फिट किंवा दम्याचा त्रास आहे का, फोटो काढून ग्रुपवर टाकले तर चालेल का. आणि सगळ्यात खाली एक रकाना, "मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकेल". हा रकाना रिकामा असेल तर फॉर्म घेऊ नका. का, ते पुढे सांगते.

जागा

आदल्या संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेरी मारा. जुन्या मिशन कंपाउंडात विहीर असतेच, तिची जाळी हाताने ओढून बघा. पाण्याच्या टाकीचं झाकण, गच्चीचा जिना, उघडी वायर, मागचं गंजलेलं फाटक बघा. मागचं फाटक सहा दिवस कुलपात आणि किल्ली एकाच माणसाकडे.

वर्ग आणि खेळ

१७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी संडेस्कूल सुरू केली, तेव्हा ती मुलं आठवडाभर कामाला जात आणि त्यांना लिहा-वाचायला रविवारच मिळत असे. आपल्या मुलांचं उलट आहे. दहा महिने शाळा आणि क्लास करून ती आपल्याकडे येतात. तेव्हा मे महिन्यात त्यांना आणखी एक शाळा देऊ नका. लहानांना गोष्ट दहा मिनिटं, मोठ्यांना वीस. सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधलं निवडलेलं वचन, पाठ करून घ्यायचं तर हातवारे करून, चेंडू फेकत. पाठ झालं नाही म्हणून कुणाला उभं करू नका, खाऊ तर मुळीच अडवू नका.

गोष्ट करून दाखवली की मुलं विसरत नाहीत. येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाच्या गोष्टीला आम्ही टेबलावर कडुनिंबाच्या फांद्या बांधतो, ते झालं उंबराचं झाड. वर्गातलं सगळ्यात बुटकं मूल जक्कय होतं आणि बाकीची पोरं त्याला वाट देत नाहीत. मग येशू झालेला शिक्षक येऊन म्हणतो, "जक्कया, खाली ये, आज मला तुझ्याच घरी यायचंय," आणि त्या मुलाचा चेहरा असा फुलतो की अख्खा वर्ग बघत राहतो. खऱ्या झाडावर मात्र कुणाला चढवू नका.

खाऊला केळी, राजगिऱ्याचे लाडू, पोहे. शेंगदाण्याची चिक्की द्यायची तर आधी फॉर्म बघा. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना पाणी. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बाथरूम

एकट्या मुलाबरोबर एकटं मोठं माणूस जात नाही. ठरावीक वेळेला चार-पाच मुलं एकत्र जातात, दोन मावश्या बाहेर उभ्या राहतात, बाहेरचं दार उघडं असतं. अगदी लहान मुलाला मदत लागली तर दोघींनी मिळून करायची आणि न्यायला आलेल्या आईला तसं सांगायचं. यावर चर्चा नको.

सुटण्याची वेळ

आता मुद्द्याचं. मुलं सगळ्यात कमी सुरक्षित असतात ती अकरा ते साडेअकरा. शेवटच्या प्रार्थनेला पाचदहा मिनिटं राहिली की शिक्षकांचं मन सतरंज्या गोळा करण्यात जातं, फाटकाशी गाड्यांची गर्दी होते, मुलं चपला शोधत असतात. घंटा वाजवून "चला, सुटलं" म्हणत सगळ्यांना एकदम सोडून देणारी व्ही.बी.एस. मी अजूनही बघते आणि माझ्या पोटात गोळा येतो.

माझ्या तिसऱ्या वर्षी असंच सोडलं होतं. सात वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात होती. फाटकाशी तिचे वडील दिसले, ती "पप्पा!" म्हणत धावली, त्यांच्या कमरेला मिठी मारली. मी हात हलवून निरोप दिला. ओळखीचं कुटुंब, त्यात विचारायचं काय? दहा मिनिटांनी तिची आई आली. दोघं वर्षभर वेगळे राहत होते आणि मुलीचा ताबा कोर्टाने आईकडे दिला होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. मुलीने त्या दिवशी पुठ्ठ्याचं नोहाचं तारू केलं होतं, ते बाकावर राहिलं होतं. आईने ते उचललं आणि तसंच धरून बसली. फेव्हिकॉल ओला होता, पुठ्ठा तिच्या तळहाताला चिकटत होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. संध्याकाळी सातला मुलगी दुसऱ्या गावी आत्याच्या घरी सापडली. तिला काही झालेलं नव्हतं. पण ते आठ तास मी त्या आईशेजारी बसून काढले आहेत.

पुढच्या वर्षी मी फाटकाशी रजिस्टर ठेवून सह्या घ्यायला लागले. तिथे एवढी रांग लागली की मुलं आणि आया दोघं उन्हात, आणि गर्दीत कोण कुणाला घेऊन गेलं हे सही बघूनही कळेना. त्याच्या पुढच्या वर्षी वर्गावार रंगीत फिती बांधल्या, तर मुलांनी दुसऱ्याच दिवशी आपसात बदलल्या. मग जे जमलं ते आजवर बदललेलं नाही. ते असं.

जाड पुठ्ठ्याची कार्डं करा, प्रत्येक नंबराची दोन. एक मुलाच्या खांद्याला सेफ्टीपिनने, दुसरं पालकाकडे. मुलाच्या कार्डावर फक्त नंबर आणि वर्गाचा रंग. नाव मोठ्या अक्षरात लिहून छातीवर लावायची पद्धत बंद करा. रस्त्यावरचा कुणीही मग "अरे बाळा, ये" म्हणत नावाने हाक मारू शकतो आणि मुलाला वाटतं, हे आपल्या ओळखीचे.

प्रार्थना झाली की मुलं उठत नाहीत. वर्गातच सतरंजीवर बसून गाणी म्हणतात, एक शिक्षक गाणं घेतो. पालक वर्गाच्या दाराशी येतो, कार्ड दाखवतो. दुसरा शिक्षक नंबर जुळवतो, यादीत खूण करतो आणि मुलाला हाताला धरून दारापर्यंत आणून देतो. फाटक एकच उघडं, तिथे एक माणूस उभा. कार्डाशिवाय मूल बाहेर निघालं तर तो थांबवतो. सव्वाशे मुलं वीस-पंचवीस मिनिटांत जातात. पहिल्या दिवशी चाळीस लागतील, घाबरू नका.

कार्ड विसरलं तर? फॉर्ममधला रकाना बघा. नाव असेल तर ओळख पटवून मूल द्या. नसेल तर फॉर्मवरच्या नंबरवर फोन करा. समोरचा माणूस जो नंबर सांगेल किंवा स्वतःच्या मोबाइलवर लावून देईल, त्यावर नाही. फोन लागेपर्यंत मूल वर्गातच.

सगळ्यात अवघड भाग इथेच आहे. आपल्या मंडळ्यांत सगळे एकमेकांचे नातेवाईक. मागच्याच वर्षी एक वडीलधारे दारात म्हणाले, "बाई, मी हिचा सख्खा मामा. तुमच्या लग्नात वाढायला होतो मी." मी म्हटलं, "मामा, सलाम. तुम्हाला मी ओळखते, पण फॉर्मवर तुमचं नाव नाही. बसा, ताईंना फोन लावते." चार मिनिटं लागली. मामांना राग आला, तो मी सोसला. तुम्हालाही सोसावा लागेल. एकाला ओळखीवर सोडलं की दुसऱ्याला अडवण्याचा अधिकार आपण गमावतो. म्हणून पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, पाळकसाहेबांनी स्वतः रांगेत उभं राहून आपल्या मुलाचं कार्ड दाखवावं. हे मी दरवर्षी त्यांच्याकडे मागून घेते. त्यानंतर तक्रारी निम्म्या होतात.

आई-वडील वेगळे राहत असतील तर न्याय करणं आपलं काम नाही. कोर्टाचा आदेश असेल तर नोंदणीच्या वेळीच त्याची प्रत मागा. फॉर्मवर नाव नसलेले आई किंवा वडील आलेच तर वाद घालू नका, मुलासमोर तर नाहीच. मुलाला दुसऱ्या शिक्षकाबरोबर आत ठेवा, मुलाचं नाव नोंदवणाऱ्या पालकाला आणि पाळकसाहेबांना फोन करा. आवाज चढायला लागला तर ११२.

रिक्षाने जाणाऱ्या मुलांची यादी रिक्षावाल्या काकांकडे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे हवी. चालत जाणारी मुलं दहा वर्षांच्या पुढचीच, पालकांच्या सहीने, आणि घोळक्याने. उशीर झालेल्या मुलाबरोबर दोन शिक्षक थांबतात. "जाता जाता मी सोडते स्कूटरवर" हे कितीही प्रेमाने म्हटलं तरी करायचं नाही.

मुलाने काही सांगितलं तर

खेळीमेळीचं वातावरण असलं की मुलं बोलतात, आणि कधी कधी असं काही सांगतात की आपले हातपाय गार पडतात. ऐकून घ्या. खोदून प्रश्न विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मंडळीच्या पंच कमिटीने आधी आपसात चौकशी करावी, मंडळीचं नाव जाईल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुलाचं नाव प्रार्थनेच्या विनंतीतही कुठे येऊ देऊ नका. चाइल्डलाइन १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो, तो प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये पहिल्याच बैठकीत टाकून घ्या.

समारोप

शेवटच्या संध्याकाळी दोन-तीनशे माणसं येतात, मुलं पोशाखात असतात, जो तो फोटो काढतो, आणि शिक्षकांना वाटतं की आता पालक इथेच आहेत, कार्डं कशाला. त्या दिवशी कार्डं सगळ्यात जास्त लागतात. कार्यक्रम झाला की मुलं स्टेजवरून प्रेक्षकांत जात नाहीत, आधी आपापल्या वर्गात जातात. पालक तिथे येऊन कार्ड देतात, बक्षीस आणि मूल दोन्ही घेऊन जातात. कार्ड या वेळी परत घ्यायचं. पेटीत टाकलेली कार्डं मी तिथेच बसून नंबराने लावते. सव्वाशे भरली की फाटकावरच्या माणसाला हात करते, मग तो कुलूप लावतो.