गिलाव्याआधी ठरवा: घरात सेंट्रल व्हॅक्यूम कसा बसवावा

घर लोटायला घेतलं की आमची आई अंगणात जाऊन बसायची. तिला दमा आहे. केरसुणीने धूळ उडते म्हणून व्हॅक्यूम क्लीनर आणला, तर तो हवा खोलीतच सोडतो आणि पिशवीतून निसटलेली बारीक धूळ पुन्हा खोलीतच येते. शिवाय ते धूड उचलून जिना चढायचा कुणी? म्हणून कोल्हापूरजवळ कळंब्याला बांधकाम काढलं तेव्हा सेंट्रल व्हॅक्यूमच घातला. आता वर नळी फिरत असली तरी आई शेजारी भाजी निवडत बसते.

यात मोटर आणि केराची टाकी घराच्या एका कडेला कायमची बसते. तिथून साधारण 2 इंची पीव्हीसी पाइप भिंतीतून खोल्यांपर्यंत जातो आणि तिथे झाकणाचं तोंड असतं. नळी तोंडात घातली की मोटर सुरू होते. हातात फक्त नळी राहते, आवाज लांब राहतो आणि मशीनची हवा घराबाहेर जाते. कल्पना जुनीच आहे. 1901 साली इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारं यंत्र काढलं, तेव्हा ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या.

वीटकाम झालंय आणि गिलावा व्हायचाय, हीच यासाठी खरी वेळ. पाइप स्लॅबमधून वर न्यायचा असेल तर स्लॅब ओतण्याआधीच तिथे स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार जाईल असा मोठा नळीचा तुकडा, सोडायला सांगा. बीम किंवा कॉलम फोडू देऊ नका. साडेचार इंची भिंतीतही 2 इंचाची झिरी मारू नये. नऊ इंची भिंत किंवा डक्ट, म्हणजे पाइप नेण्यासाठी सोडलेली उभी मोकळी जागा, शोधा.

सुरुवात सुतळीने करा. नळी साधारण 9 मीटरची असते, तेवढी सुतळी कापा. जिथे तोंड ठेवायचं तिथे खिळा मारून ती बांधा आणि पलंग, सोफा, कपाट जिथे येणार त्यांना वळसा घालत खोलीचा शेवटचा कोपरा गाठा. आमच्याकडे वरच्या मजल्यावर जिन्याजवळचं एकच तोंड दोन्ही खोल्यांना पुरत होतं, पण गॅलरीच्या कोपऱ्याला सुतळी दोन फूट कमी पडली. तोंड तेवढं सरकवलं. नकाशावर हे दिसलं नसतं. उघड्या दाराच्या मागे तोंड येत नाही ना, तेही बघा.

मोटर पार्किंगच्या भिंतीला किंवा जिन्याखाली बसवा, गच्चीवर उन्हापावसात नको. मशीनची हवा बाहेर सोडणारं तोंड पश्चिमेकडे काढू नका, कोल्हापूरचा पाऊस तिकडूनच झोडपतो. ते खाली वळवलेलं, जाळी लावलेलं आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब असावं.

आता पाइप. सगळं काम यावर अवलंबून आहे. आमच्या प्लंबरने हे आधी कधी केलं नव्हतं, त्याने पाण्याच्या लाइनसारखे आखूड एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारे जोड, घातले. सहा महिन्यांत वरची ओढ मंदावली. भिंत फोडली तर एल्बोत खराट्याची एक काडी आडवी अडकलेली, आणि तिच्याभोवती केस आणि धागे गुंडाळून नमद्यासारखा बोळा झालेला. आखूड वळण फक्त तोंडाच्या लगेच मागे हवं, म्हणजे लांब वस्तू अडकलीच तर हाताशी तिथेच अडकते. बाकी सगळीकडे लांब वळणाचे बेंड वापरा. फाटे हवेच्या दिशेने तिरके जोडा आणि मुख्य पाइपच्या बाजूने किंवा वरून काढा; खालून काढलात तर केर त्यात पडून साचतो. पाइप काटकोनात कापा, आतली कड खरवडा. सोल्यूशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, पाइपच्या टोकाला बाहेरूनच लावा, फिटिंगच्या आत लावलं तर तिथे कड जमते आणि केर धरते.

मोटर चालू करणारी कमी व्होल्टेजची बारीक वायर पाइपसोबतच बांधून न्या, घरच्या लाइटच्या वायरिंगमध्ये मिसळू नका. मोटर 1500 वॅटच्या आसपासची असते, म्हणून तिला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, एमसीबी आणि अर्थिंग द्या. मशीन परदेशी असेल तर 230 व्होल्टचंच आहे का ते तपासूनच पैसे द्या.

गिलाव्याआधी मोटर लावून चाचणी घ्या. सगळी झाकणं बंद ठेवून प्रत्येक जोडाला कान लावा, फुसफुस ऐकू आली तर तो जोड पुन्हा करा. मग एकेका तोंडातून मूठभर चिरमुरे ओढा. खडखडत थेट टाकीपर्यंत गेले पाहिजेत. शेवटी भिंतीला टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना लागतात. बजेट कमी असेल तर आता पाइप घालून तोंडं बंद करा आणि मशीन नंतर घ्या. घर आधीच बांधून झालं असेल तर मात्र भिंती फोडत बसू नका, त्यापेक्षा चांगल्या फिल्टरचा साधा व्हॅक्यूम घ्या.

वापरताना पाणी, ओला केर आणि बंबातली किंवा धुपाटण्यातली गरम राख कधीही ओढू नका. फरशी घासल्याची आणि सिमेंटची पूडही नको, फिल्टर चोंदतो. साखर कारखाने सुरू झाले, पाचट पेटू लागलं की गच्चीवर पडणारी काजळी पायाला लागून घरात येते, त्या महिन्यांत फिल्टर जास्त वेळा झाडा. आमची टाकी तीन-चार महिन्यांनी भरते. ती स्वतःच्या नाकातोंडाला फडकं बांधून, वारा नसताना, बाहेर रिकामी करा.