कामावर इजा झाल्यास भरपाई कोणाला मिळते?
सोलापुरात चादर आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागावर धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा) मार लागून किंवा पट्ट्यात हात सापडून इजा झाली, तर ‘मी कायम नाही, हजेरीवर नाव नाही’ या समजुतीने अनेक कामगार हक्क सोडून देतात. हे मला फार खटकते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मुख्य निकष एकच आहे: इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली असावी. ठेकेदाराकडून घेतलेला कामगारही मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. काम करण्याची क्षमता तीन दिवसांहून अधिक काळ गेलेली असावी लागते. नशेत असताना किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्यामुळे झालेल्या इजेची भरपाई नाकारता येते, मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मालकाला ही सबब पुढे करता येत नाही. ज्याचा राज्य कामगार विमा (ईएसआय) उतरवलेला आहे, त्याने त्या योजनेतूनच लाभ मागावा. अन्य कामगारांनी अपघाताची सूचना मालकाला ताबडतोब लेखी द्यावी, उपचाराची कागदपत्रे आणि सोबतच्या कामगारांची नावे जपून ठेवावीत, आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा.