प्रेसमड ताजा शेतात टाकू नका, आता ढीग लावा

साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत, म्हणजे गाळप संपत आलंय. यार्डातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस निवळताना उरणारा गाळ, उचलायची घाई सुरू आहे, आणि बऱ्याच ट्रॉल्या थेट नांगरटीत रिकाम्या होतायत. यंदा तसं करू नका. आत्ता ढीग लावला तर जूनच्या मध्यापर्यंत खत तयार होतं, म्हणजे आडसालीच्या (पावसाळ्यात लावायच्या उसाच्या) सऱ्या पडायच्या वेळेला हाताशी. (आपल्याकडे कुणी याला मळीही म्हणतं, पण मळी म्हणजे मोलॅसिससुद्धा. मागताना प्रेसमडच म्हणा.)

1000 टन ऊस गाळला की साधारण 30 ते 40 टन प्रेसमड निघतो. रस निवळायला चुना, गंधकाचा वायू आणि फॉस्फोरिक ॲसिड वापरतात. जो गाळ खाली बसतो त्यात कॅल्शियम, गंधक आणि स्फुरद (फॉस्फरस) उतरतं. पालाश (पोटॅश) मात्र रसात विरघळून पुढे मोलॅसिसमध्ये निघून जातं. म्हणून हे खत घातलं तर माती परीक्षण बघून स्फुरदाची मात्रा कमी करता येते, पालाशची नाही. आणखी एक: ताज्या मालात 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाच टनांच्या ट्रॉलीत साडेतीन टन पाणी आहे हे धरूनच दर ठरवा.

ताज्या प्रेसमडला अजून आग असते. जमिनीत तो कुजताना तापतो, कोवळी मुळी होरपळते. पण माझी खरी काळजी हुमणीची, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळीची आहे. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, रात्री कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि मादी अंडी घालायला अर्धकच्च्या शेणखताची, प्रेसमडची जागा शोधते. एका वर्षी वीस गुंठ्यांत मी ताजा प्रेसमड सरीत ओढला होता. लावण तरारून आली. सप्टेंबरात बेटं पिवळी पडायला लागली. एक बेट धरून ओढलं तर ते मुळांशिवाय हातात आलं, आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या. एका बेटाखाली सात मोजल्या. तेव्हापासून न कुजलेला प्रेसमड मी रानात जाऊ देत नाही, तुम्हीही देऊ नका.

ढिगाला उंचवट्याची जागा घ्या, विहीर आणि ओढ्यापासून लांब. कडब्याच्या गंजीपासूनही लांब, कारण उन्हात वाळलेला प्रेसमड आतल्या आत धुमसतो. रुंदी 6 ते 7 फूट, उंची 4 फूट, लांबी जागेप्रमाणे. खाली वीतभर पाचट, त्यावर फूटभर प्रेसमड, वरून शेणकाला, पुन्हा पाचट. पाचट फडात पेटवू नका, इथे ते सोन्यासारखं कामाला येतं: नुसता प्रेसमड चिकट, त्यात हवा खेळत नाही, पाचटाने तो मोकळा राहतो. जेवढं पाचट घालाल त्याच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. संवर्धक शेणकाल्यातूनच टाका.

ओल मुठीने तपासा. मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. ढीग एकदा कोरडा पडला की प्रेसमडमधल्या मेणामुळे पाणी वरून ओघळून जातं, आत मुरत नाही. तेव्हा थोडं थोडं, दोन-तीनदा शिंपडा. आतली उष्णता बघायला लोखंडी सळई दोन फूट खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर काम जोरात चाललंय. कोमट लागली की ढीग पलटा, साधारण दर 15 ते 20 दिवसांनी. नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र (नायट्रोजन) उडतंय, पाचट वाढवा.

आसवनीचं, म्हणजे मोलॅसिसपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी टँकरने आणून ढिगावर ओतायचा मोह काहींना होतो. त्यात पालाश आहे हे खरं, पण क्षारही तेवढेच. कृष्णाकाठची किती रानं क्षारपड झालीत ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. कारखान्याचं तयार बायोकंपोस्ट (प्रेसमडवर हेच सांडपाणी घालून केलेलं खत) घेणार असाल तर आधी ईसी, म्हणजे क्षारांचं माप, तपासून घ्या, 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर नको.

साठ-सत्तर दिवसांनी ढीग बसतो, रंग काळपट तपकिरी होतो, पलटल्यावरही तापत नाही. ओंजळभर ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर आणखी पंधरा दिवस थांबा.

मेच्या सुरुवातीलाच ढीग पाचटाने आणि जुन्या ताडपत्रीने झाका, भुंगेऱ्यांना शिरायला फट ठेवू नका. गार झालेल्या ढिगात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळून घेतलं तर उत्तम. गरम ढिगात टाकलं तर बुरशी मरते, पैसे वाया जातात. वापरताना एकरी 2 ते 3 टन सरीत टाका आणि त्याच दिवशी मातीआड करा.