जुन्या पेढीत वायरिंग करताना भिंत फोडू नका

धुळ्या-जळगावकडच्या एखाद्या जुन्या पेढीत ऑफिस थाटायचं ठरलं की वायरमन आधी ग्राइंडर काढतो. चुन्याच्या भिंतीत असा घाव घातला की आजूबाजूचा गिलावा पोकळ होऊन सुटतो, आणि वर सिमेंट फासलं तर आतली ओल कोंडते.

त्यापेक्षा असं करा:

1. वायरी तुळईच्या कडेने, वर कडीपाटाला (लाकडी छताला) भिडणाऱ्या कोपऱ्यातून न्या. खाली उभ्या माणसाला त्या सहसा दिसतही नाहीत.

2. खाली उतरायचं ते दाराच्या चौकटीला लागून, भिंतीच्याच रंगाच्या पट्टीतून.

3. भिंतीत स्क्रू लागणारच, पण भोक विटेत नको, दोन विटांमधल्या दरजेत पाडा. गिलाव्यामुळे दरज दिसत नाही, म्हणून बारीक बिट लावून, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून, हळू ड्रिल करा. गिलावा संपल्यावरही पांढरट भुकटी येत राहिली तर दरज सापडली. लाल भुकटी आली की थांबा आणि बोटभर वर किंवा खाली सरका. पुढे ऑफिस हललं तरी वीट शाबूत राहते.

4. चुकलेली भोकं चुना आणि बारीक वाळूने बुजवा.

आपल्याकडच्या मे महिन्यात एसी लागतोच. त्याची वायर लाकडावरून नेताना लोखंडी पाइपातूनच न्या, पाइपाला अर्थिंग द्या आणि स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा. वायर तापली किंवा शॉर्ट झाली तर शंभर वर्षं वाळलेलं सागवानही पेटू शकतं.