जुनी गाडी कूलंट खातेय? आधी ते जातं कुठे ते शोधा

दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पाणी ओतायचं आणि गाडी पळवत राहायचं, असं बरेच जण करतात. इंजिनाची वाट लागते ती यातूनच. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. पातळी सारखी उतरत असेल, तर ते बाहेर गळतंय किंवा इंजिनात जळतंय.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. आतल्या दाबामुळे उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. तपासणी सकाळी, गार इंजिनावरच करायची.

रात्री इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसला, तर त्याच्या वरचा भाग टॉर्च लावून बघा. होज पाइप बोटांनी दाबा. फुगलेला, लिबलिबीत किंवा भेगा पडलेला असेल तर बदला. क्लिपजवळ पांढरट-हिरवट खर साचली असेल, तर तिथूनच झिरपतंय. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ आलेला दिसला, तर पंपाचं सील गेलंय. पुठ्ठा कोरडा, पण गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून चिकट वाफ धरते, पायाखालचं कार्पेट ओलं लागतं? मग हीटर कोअर, म्हणजे गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

आता रेडिएटरचं झाकण उलटं करून त्याचं रबर बघा. हा स्वस्तातला भाग असतो, म्हणूनच बहुधा कुणी बघत नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण एरवी साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की १२५ अंशांच्या पुढे. रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि धडधाकट इंजिनही उकळतं.

गळती कुठेच नाही, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठतात, डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेल दुधाळ दिसतं. नुसत्या तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला तर घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी तो साचतो. पण डिपस्टिकही दुधाळ असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि वेगात उतरतो, तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच तपासा. वेगातच चढत असेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय.

भरताना डिस्टिल्ड वॉटरच वापरा. कूलंटचा रंग बघून जात ठरवू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच प्रकार घ्या. आधी काय भरलंय ते माहीत नसेल, तर सगळं काढून, धुऊन नव्याने भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. सांडलेलं लगेच पुसा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

दोन-तीन फेऱ्यांनंतर, गार इंजिनावर, पातळी पुन्हा बघा.