फॅटी लिव्हरची बायोप्सी वाचताना: नव्या रेसिडेंटसाठी

लिव्हर बायोप्सीची स्लाइड हाती आली की नवे रेसिडेंट विचारतात, ‘मॅडम, स्कोअर किती द्यायचा?’ मी म्हणते, स्कोअर सगळ्यात शेवटी. आधी तुकडा पुरेसा आहे का ते बघा. दीड-दोन सेंटिमीटर लांबी, दहाएक पोर्टल ट्रॅक्ट (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असलेल्या जागा). सुईत येतो तो यकृताचा जेमतेम ५० हजारावा भाग, म्हणून अपुऱ्या तुकड्यावर ठाम मत देऊ नका. रिपोर्टमध्ये तसं लिहा.

चरबी लो पॉवरवरच मोजा. प्रोसेसिंगमध्ये ती विरघळून जाते, उरतात पांढऱ्या गोल पोकळ्या. चरबी असलेल्या पेशी ५ टक्क्यांखाली असतील तर शून्य, ३३ पर्यंत १, ६६ पर्यंत २, त्यापुढे ३. हे लवकर जमतं.

खरा कस लागतो बलूनिंगला, म्हणजे इजेमुळे फुगलेल्या यकृतपेशी ओळखायला. चरबीच्या पेशीत कडा स्वच्छ असते आणि न्यूक्लियस कोपऱ्यात ढकललेला असतो. बलून झालेली पेशी फुगून गोलसर होते, सायटोप्लाझम फिकट आणि विरविरीत दिसतो. सेंट्रल व्हेनच्या आसपास, झोन ३ मध्ये शोधा. यावर मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही, तेव्हा शंका आली की स्लाइड घेऊन सिनिअरशेजारी बसा, एकाच पेशीवर दोघं बोला. मी बलूनिंग शिकले ती अशीच. पुस्तकातल्या फोटोंनी तेवढं साधलं नाही.

फायब्रोसिससाठी (व्रणासारखे तंतू साचणं) ट्रायक्रोम हा रंग हवाच. सुरुवातीचे तंतू सायनुसॉइडच्या (पेशींमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) कडेने, प्रत्येक पेशीभोवती कुंपणाच्या तारेसारखे विणलेले असतात आणि एच अँड ई या नेहमीच्या रंगावर सहज निसटतात. त्याची स्टेज ० ते ४, वेगळी द्यायची. रुग्णाचं पुढे काय होणार हे सर्वाधिक याच आकड्यावरून कळतं, म्हणून माझा निम्मा वेळ इथे जातो.

चरबी, लोब्युलमधली (यकृताच्या सूक्ष्म घटकातली) सूज आणि बलूनिंग मिळून होणारा ० ते ८ चा स्कोअर क्लाइनर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला, तो मुख्यतः औषधांच्या चाचण्यांसाठी. ५ आला म्हणून स्टिअटोहेपटायटिस (चरबीसोबत यकृताला सूज आणि इजा) ठरत नाही आणि ३-४ आला म्हणून नाकारताही येत नाही. निदान पॅटर्नवरून करायचं.

दारूमुळे झालेला आजार स्लाइडवर बऱ्याचदा असाच दिसतो. सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या स्टेजपर्यंत, पोचलेल्या यकृतात तर चरबी जवळजवळ नाहीशीही झालेली असते. त्यामुळे फॉर्मवर वजन, मधुमेह, दारू, औषधं यांची माहिती नसेल तर वॉर्डात फोन लावा आणि मगच सही करा.