क्रूझवरचा किड्स क्लब निवडताना आधी डायपरचा नियम वाचा

माझी थोरली पहिल्यांदा जहाजावर चढली तेव्हा तिला तीन वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. प्रवास सात रात्रींचा. वाढदिवस झाला की उरलेले दिवस ती किड्स क्लबमध्ये, म्हणजे जहाजावर मुलांना सांभाळून खेळवतात त्या जागेत जाईल, असं मी धरून चालले होते. काउंटरवर कळलं की त्या कंपनीत वय चढण्याच्या दिवसाचं धरतात. आठवडाभर ती येता-जाता काचेला नाक लावून आतली घसरगुंडी बघायची, आणि मला तिला तिथून उचलून न्यावं लागायचं.

त्यानंतर आम्ही तीन क्रूझ केल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीची. मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवलंय, त्यामुळे क्लबचे रंगीत फोटो मी शेवटी बघते. पाच वर्षांखालच्या मुलासाठी तुलना करायची तर वहीचं एक पान घ्या, प्रत्येक जहाजाला एक रकाना द्या आणि पहिल्या ओळीत फक्त दोन गोष्टी लिहा: चढण्याच्या दिवशी मुलाचं वय किती असेल, आणि ते शी-शू स्वतः सांगून, स्वतः उरकून येतं का. निम्मे पर्याय इथेच गळतात.

रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा ॲडव्हेंचर ओशन आणि डिस्नेचा ओशनियर क्लब ही दोन्ही ठिकाणं तीन वर्षांपासून पुढच्या मुलांची. दोन्हीकडे डायपर तर नाहीच, पुल-अप म्हणजे चड्डीसारखा डायपरही चालत नाही. कार्निव्हल कंपनीचा कॅम्प ओशन मात्र दोन वर्षांपासून घेतो आणि तिथले कर्मचारी डायपर बदलतात. डायपर आणि वाइप्स आपण द्यायचे. नॉर्वेजियन कंपनीच्या स्प्लॅश ॲकॅडमी या क्लबमध्ये तीन वर्षांचं डायपरमधलं मूल घेतात, पण बदलायची वेळ आली की आई-बाबांना बोलावून घेतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. एवढ्यासाठी मी एखाद्या साध्या, जुन्या जहाजालाही वरचा नंबर देईन.

आणि एक कळकळीने सांगते. क्लबच्या नियमासाठी प्रवासाच्या आधी पंधरा दिवसांत घाईने डायपर सोडवू नका. नवी जागा, अनोळखी ताई, मोठ्याने आवाज करणारा कमोड, या सगळ्यात नुकतं शिकलेलं मूल हमखास मागे जातं. चड्डी ओली झाली की क्लबमधून बोलावणं येतं, आणि मूल रडवेलं होऊन दारात उभं असतं. माझ्या धाकट्याचं हे झालंय. दुसऱ्या दिवशी तो त्या मजल्यावर लिफ्टमधून उतरायलाच तयार नव्हता.

तीनपेक्षा लहान मूल असेल तर, कार्निव्हलसारखा अपवाद वगळता, क्लब सोडा, नर्सरी म्हणजे बाळांना सांभाळायची खोली बघा. बहुतेक मोठ्या जहाजांवर चढायलाच किमान सहा महिन्यांचं वय लागतं. सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असतील तर अनेक कंपन्या एक वर्षाची अट घालतात. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन यांच्या नर्सऱ्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना सांभाळतात, तासाचे पैसे घेऊन. रॉयल कॅरिबियनच्या प्रत्येक जहाजावर मात्र नर्सरी नाही, म्हणून कंपनीचं नाही तर जहाजाचं नाव घेऊन चौकशी करा. जागा थोड्या असतात. बुकिंग उघडेल त्या दिवशीच तास राखून ठेवा. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर रात्रीची नर्सरी असते, सहा महिने ते चार वर्षं, वेगळे पैसे न घेता. बाळ तिथे पाळण्यात झोपतं आणि आई-बाबा शांतपणे जेवतात. रात्रीच्या जेवणाची चिंता असलेल्यांनी हे आधी बघावं. (व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग या कंपन्या अठराच्या खालच्यांना घेतच नाहीत, त्यांची जाहिरात आवडली तरी पुढे चला.)

आता वेळा. इथे लोक आपल्या सोयीने बघतात, मी मुलाच्या झोपेने बघते. धाकटा दुपारी एक ते तीन झोपायचा. एका जहाजावर क्लब सकाळी चालू, जेवणाला बंद, मग दोनला परत उघडायचा. म्हणजे दुपारी तीनपर्यंत आमच्या वाट्याला सकाळचे दोन तास, तेही नाश्ता आटपून पळत गेलो तर. प्रत्येक रकान्यात मुलाच्या झोपेचे तास खोडून टाका. उरतात तेवढेच खरे. शिवाय प्रवासात पूर्ण दिवस समुद्रावर किती, हे मोजा. बंदर लागलं की बरेच जण मुलांना घेऊन उतरतात. क्लबचा खरा उपयोग आणि खरी गर्दीही समुद्रावरच्या दिवशी. लहान मुलांच्या गटाची जागा भरली की दारात थांबवतात, म्हणून त्या दिवशी उघडतानाच जा. जेवण क्लब देतो का, हेही विचारा. रात्री दहानंतर रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल दोघंही तासाचे पैसे लावतात.

दोन मुलं असतील तर गट कसे पाडलेत ते तपासा. कार्निव्हलमध्ये दोन ते पाच, सहा ते आठ असे वेगळे गट असतात. एमएससी कंपनीच्या मिनी क्लबमध्ये तीन ते सहा. थोरली सहाची आणि धाकटा साडेतीनचा असताना आम्हाला डिस्नेची पद्धत सोयीची पडली, कारण तिथे तीन वर्षांपासूनची मुलं एकाच जागेत वावरतात आणि बहीण दिसली की धाकट्याचं रडणं थांबायचं. उलट दांडगट मुलांत बुजणाऱ्या एकुलत्या एक मुलाला वेगळा गटच बरा.

स्वच्छतेसाठी एक सोय आहे. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या परदेश फेरीच्या जहाजांची तिथलं सरकारी आरोग्य खातं तपासणी करतं. मुलांच्या खोल्याही त्यात येतात. गुण शंभरपैकी, 85 किंवा खाली म्हणजे नापास, आणि निकाल कुणालाही वाचता येतात. त्याच नियमांमुळे डायपरमधल्या बाळाला, पोहण्याचा डायपर असला तरी, पोहण्याच्या मोठ्या तलावात सोडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा आहे का, हे विचारून घ्या. ॲलर्जी आणि औषधं लेखी कळवा, आणि औषध देण्याची जबाबदारी क्लबवर टाकू नका.

एवढं करूनही शेवटचा निर्णय जहाजावर चढल्यावर, पहिल्या दुपारी घ्यायचा. त्या वेळी बहुतेक क्लब पालकांना आत येऊ देतात. मी खेळण्यांकडे न बघता दारापाशी दहा मिनिटं उभी राहते. एका जहाजावर नोंदणी करणाऱ्या ताईने माझ्या मुलाचं नाव विचारलं, तेही संगणकावरून नजर न काढता. दुसरीकडे एक दादा गुडघ्यावर बसला, धाकट्याच्या बुटावरच्या गाडीला बोट लावलं आणि तो बोलेपर्यंत थांबला. पोराने चक्क त्याच्या हातात हात दिला. पहिल्या क्लबमध्ये मी त्याला एकदाही एकटं ठेवलं नाही, जागा कितीतरी सुंदर असूनही.

त्याच दादाला मी माझे दोन नेहमीचे प्रश्न विचारले. न्यायला कोण आलंय हे कसं ओळखता? त्याने फोटो तपासतो आणि सांकेतिक शब्द विचारतो असं सांगितलं, आणि शब्द धाकट्यालाच निवडू दिला: "टोपी". दुसरा प्रश्न, आणीबाणीचा भोंगा वाजला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला असलो तर? त्याने मुलाच्या मनगटावरच्या पट्ट्यावरचा जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक दाखवला, पट्टा आंघोळीतही काढू नका म्हणाला, आणि मला मागचं दार उघडून ते मुलांना कुठल्या जिन्याने नेतील ते दाखवलं. लहान मापाची लाइफ जॅकेटं तिथेच कपाटात रचलेली होती. मी ती मोजली आणि मग वर डेकवर गेले.